वेलांटीमास्तरांची लेक

वडील गेल्याच्या चौथ्या दिवशी तिने वर्तमानपत्र उघडलं. आतल्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, वडिलांच्या फोटोखाली छापलं होतं: ‘दुखःद निधन’. विसर्ग एक घर पुढे सरकला होता.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर तिने पान उलटलं असतं. पण हे वर्तमानपत्र ज्या छापखान्यातून निघत होतं, तिथेच बाबांनी चाळीस वर्षं प्रुफं तपासली होती. हुद्दा मुद्रितशोधकाचा, पण सगळे त्यांना वेलांटीमास्तर म्हणत. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसलं की त्यांना घास गोड लागत नसे. औषधाच्या बाटलीवरची सूचना, बसथांब्यावरची पाटी, शेजाऱ्यांच्या घरची लग्नपत्रिका, त्यांच्या तावडीतून काहीच सुटायचं नाही.

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून घरात दोघंच. ती परगावी शिकायला गेली, तेव्हा तिने पाठवलेली पत्रं तांबड्या शाईने दुरुस्त होऊन परत येत आणि खाली एक ओळ असे: ‘मजकूर चांगला आहे. जेवत जा.’ पुढे एका माणसाने तिला लग्नाचं विचारणारं पत्र लिहिलं. तिने ते बाबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “सात चुका आहेत. पण माणूस सरळ वाटतो.” तिने नकार कळवला. का, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायच्या. बाबा निवृत्त झाल्यावरही छापखाना प्रुफं घरी पाठवत राहिला. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला आणि समोरची अक्षरं विरघळायला लागली. “आता बास करा,” ती म्हणाली. ते म्हणाले, “तू वाच. मी ऐकतो.”

वेलांट्या काही कानाला सापडत नाहीत. म्हणून तिने शब्द वाचायचा आणि वेलांटी कुठली तेही सांगायचं. “पाणी, दुसरी. किती, दोन्ही पहिल्या.” की बाबा लगेच म्हणायचे, “चूक. ‘ती’ची दुसरी.” कामावरून आली की चहा, आणि मग साडेसहापासून दीड तास हे. शेवटची दोन वर्षं एकही संध्याकाळ चुकली नाही. खरं सांगायचं तर ती कंटाळून जायची. दिवसभर डोळे फोडून आल्यावर पुन्हा डोळेच फोडायचे. कधी कधी ती मधली एखादी ओळ गाळायची, कधी अख्खा परिच्छेद. बाबा क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, “हं, पुढे.”

ते गेले मंगळवारी दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. ती तेव्हा प्रयोगशाळेत होती. शेजारच्या काकूंनी फोन केला.

वर्तमानपत्र पिशवीत टाकून ती छापखान्यात पोहोचली. आत आता शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खण नव्हते, संगणक होते. पण कोपऱ्यातल्या टेबलाशी बाबांच्या बरोबरीचे जुळारीकाका होते. पूर्वी ते खिळे जुळवायचे, आता पडद्यावर पानं लावायचे. तिने पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाशी नेलं आणि त्या विसर्गावर बोट ठेवलं.

“माझ्याच हातून झालं,” ते म्हणाले. “त्या दिवशी मला धड दिसत नव्हतं, पोरी.”

ती भांडायच्या तयारीने आली होती. तिने पानाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. उद्या नीट करून पुन्हा छापतो, असं काकांनी कबूल केलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “मधमाश्यांच्या पुस्तकाची चौदा पानं तपासायची राहिलीत घरी. मी वाचून आणून देते.”

काकांनी ड्रॉवरमधून एक पुस्तक काढलं. मधमाश्यांचंच. छापून, बांधून तयार. आतल्या पानावरचा महिना तीन महिन्यांपूर्वीचा होता.

“दोन वर्षं झाली, प्रुफं इथेच तपासतात,” काका खाली बघत म्हणाले. “मास्तरांना कसं सांगायचं? म्हणून मी झालेल्या पुस्तकांचे कागद पाठवत राहिलो.”

तिने आतलं पान पुन्हा उघडून पाहिलं. “म्हणजे आम्ही रोज बसत होतो ते...”

“त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात फोन आला त्यांचा. म्हणाले, ‘एवढं स्वच्छ प्रूफ या छापखान्यातून जन्मात निघालं नाही. मला वेड्यात काढू नका. पाठवायचंच असेल तर चुका घालून पाठवा, नाहीतर लेकीला संशय येईल.’ मग मी रोज संध्याकाळी बसून चुका घालायचो. पानाला आठ-दहा.”

“पण कशासाठी?”

“तेही विचारलं मी. म्हणाले, ‘दमून येते, दोन शब्द बोलून खोलीत जाते. हे असलं की दीड तास आवाज ऐकायला मिळतो.’”

मागे यंत्र चालू झालं आणि जमीन थरथरायला लागली. काकांनी पुढे केलेलं पाणी तिने घेतलं, पण प्यायली नाही. गाळलेल्या ओळी तिला आठवत होत्या. किती, ते आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निधनवार्ता शुद्ध छापून आली. तिने ती कापून कपाटात ठेवली. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. महिनाभराने तिने प्रयोगशाळेत दुपारची पाळी मागून घेतली. संध्याकाळी साडेसहाला घरी असणं तिला झेपत नव्हतं.

आता काका अधूनमधून रविवारी सकाळी येतात. बोलायला दोघांकडे फारसं नसतं. मागच्या खेपेला निघता निघता ते म्हणाले, “यंत्रं सुरू झाली की मास्तर गायचे. मोठ्याने.”

बाबांना गाताना तिने कधीच ऐकलं नव्हतं. “कसं गायचे?”

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “वाईट,” ते म्हणाले.

ती हसली, कितीतरी महिन्यांनी. काका जिना उतरून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज पार खालपर्यंत ऐकू आला आणि मग थांबला. तिने दार लावलं आणि दोन्ही कप विसळायला घेतले.