उंबऱ्यावरचा खळगा

कुठल्याही भिंतीला टेकण्याआधी आमच्या शेजारचे काका तिच्यावर किल्ल्यांच्या जुडग्यानं टकटक करायचे. मग कान लावून ऐकायचे. दवाखान्याची भिंत असो, देवळाचा खांब असो, नाहीतर हॉकर सेंटरचा, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजाराचा. आजूबाजूची माणसं माना वळवून बघायची आणि मी आपली कॉफीच्या कपात डोकं घालून बसायची. "अहो काका, दार नाहीये ते, कोणी उघडणार नाही," असं एकदा वैतागून म्हटलं, तर म्हणाले, "अगं, ओळख करून ठेवतोय. उद्या माझ्याकडेच यायचीय ही."

काकांचा उद्योगच तसा होता. सिंगापुरात पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट त्यांच्या यार्डात यायचं. तिथं ते क्रशरमध्ये फोडायचं, आतल्या सळ्या काढायच्या, आणि जी खडी निघेल ती पुन्हा फुटपाथांना, गटारांना, रस्त्यांच्या कडांना वापरायची. इंजिनिअर माणूस, पण उभा जन्म त्या धुळीत गेला. शर्ट कितीही धुतला तरी खिशाच्या कोपऱ्यात चिमूटभर पांढरं पीठ असायचंच.

"टाकणार कुठं?" हे त्यांचं पालुपद. शिळी पोळी असो, मोडकी छत्री असो, पडलेली इमारत असो, प्रश्न एकच. मूळचे ते वाईकडचे. "आमच्याकडे दगड म्हणजे ठेच लागायची वस्तू," म्हणायचे. "त्याला कोण विचारतो? इथं खडीसुद्धा बोटीतून येते बाई, पाहुण्यासारखी. वाळूसुद्धा. आणि शेजारचे देश एक दिवस म्हणाले, पुरे आता, तर? एवढासा देश. आणणार किती आणि टाकणार कुठं?"

मला हे सगळं फार रटाळ वाटायचं, खरं सांगते. मी बँकेत नोकरी करणारी बाई, मला खडीचं काय कौतुक! पण एका रविवारी काका आणि काकू मला ओढून पुलाऊ उबिनला घेऊन गेले. चांगीच्या धक्क्यावरून लहानशा बोटीनं जायचं, की आलंच ते बेट. झाडीतून वर चढलो आणि एका कठड्याशी काका थांबले.

खाली तळं होतं. हिरवं, गप्प. चारी बाजूंनी उभे कातळ, त्यांच्या कपारींत झाडं रुजलेली, आणि पाण्यावरून एक बगळा अगदी सावकाश चालला होता. मी म्हटलं, "किती सुंदर तळं आहे!"

"तळं नाही ते. डोंगराची रिकामी जागा आहे," काका म्हणाले. "इथं ग्रॅनाइटचा डोंगर होता. फोडून फोडून नेला."

"कुठं नेला?"

त्यांनी मान वळवली. समुद्रापलीकडे सिंगापूरच्या इमारती धुरकट दिसत होत्या. "तो काय. शहरात राहायला गेलाय. तू रोज त्याच्यावरूनच तर चालतेस."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढा अख्खा डोंगर! कुणाच्या स्वयंपाकघराची भिंत झालेला, कुणाचा जिना, कुणाची शाळा. आणि ती भिंत पडली की हा माणूस तिला पुन्हा दगड करणार, आणि त्या दगडावर पुन्हा कोणीतरी चालणार. मी कठडा धरून नुसती उभी राहिले. काकूंनी हसून माझ्या हातावर नारळाची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. खा."

आता काकूंचा नारळ. त्याशिवाय पुढचं सांगताच यायचं नाही.

सिंगापुरातच बेडोकच्या जुन्या ब्लॉकमध्ये, म्हणजे सरकारी इमारतीत, आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. लांबलचक कॉरिडॉर आणि प्रत्येक दाराशी काँक्रीटची बुटकी पायरी. आम्ही तिला उंबराच म्हणायचो. काकू नारळ फोडायच्या तो त्या उंबऱ्यावर, फाडकन. पहिल्यांदा तो आवाज ऐकून शेजारच्या चिनी आंटी हातात झारा घेऊन धावत बाहेर आल्या होत्या. वरच्या मजल्यावरून काहीतरी कोसळलं असं त्यांना वाटलं. पुढं त्याच आंटी स्वतःचे नारळ घेऊन यायच्या, नारळाचं पाणी धरायला स्टीलचा वाडगा पुढं करायच्या आणि त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायच्या, "मिसेस, माइन ऑल्सो, कॅन?"

असे नारळ फोडून फोडून उंबऱ्याच्या कडेला खळगा पडला. तळहात आरामात बसेल एवढा. काका खोट्या रागानं ओरडायचे, "मी जगाची घरं फोडतो आणि माझं घर ही फोडतेय!"

मग काकू गेल्या. आजारपण लांबलं नाही, एवढंच चांगलं म्हणायचं. काका कामावर जायला लागले, टकटक करायला लागले, "टाकणार कुठं?" सुरू झालं. फक्त घरात शिरताना ते उंबऱ्यावर पाय ठेवेनासे झाले. गुडघे दुखत असूनही तो ओलांडून जायचे. मी माझ्या दारातून बघायची.

आणि मग आमचाच ब्लॉक पाडायचं ठरलं. पलीकडच्या रस्त्यावर सगळ्यांना नवे फ्लॅट मिळणार होते. त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती, पण म्हणून वाईट वाटायचं थांबतं थोडंच! काँक्रीट जाणार होतं काकांच्याच यार्डात.

त्यांचा एक नियम होता. आपलं घर पडलं की माणसं त्यांच्याकडे यायची, एखादा तुकडा मागायला. एक म्हातारा मलय गृहस्थ तर नातवाचा हात धरून आला होता. काकांनी त्याला चहा पाजला, क्रशर दाखवला, पण तुकडा काही दिला नाही. "तुकडा कपाटात जाऊन बसतो आणि तिथंच मरतो," असं मला म्हणाले होते. "इथं त्याचा रस्ता होतो." म्हातारा रडत गेला. तेव्हा मी काकांशी चार दिवस धड बोलले नव्हते.

आता त्यांच्या मुलीचा नाशिकहून फोन आला. मी तिथंच बसले होते. "बाबा, मला घरातलं काहीही नको. फक्त आईचा तो उंबरा कापून आणा."

"बघू," काका म्हणाले.

"बघू काय? तुमच्याच हातात आहे ना सगळं?"

खरंच होतं. पाडकाम करणारा तमिळ मुकादम तर काकांच्या शब्दाबाहेर नव्हता. मुलीचं मागणं कानावर जाताच, काकांनी न सांगता त्यानं उंबऱ्याचा तेवढा भाग व्यवस्थित कापून वेगळा ठेवला आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी घालून यार्डात पाठवला. मी काकांना रोज विचारायची, "ठरलं का?" ते किल्ल्या चाचपायचे आणि विषय बदलायचे. रात्री झोपत नसावेत, डोळे सांगायचे.

शेवटी एका शनिवारी म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

यार्डात मला हेल्मेट घालायला लावलं. खडीचे ढीग घराएवढाले. क्रशर धडधडत होता. एका बाजूला पोत्यावर तो उंबरा ठेवला होता, खळगा वर करून. काका खाली बसले. किल्ल्या काढल्या, टकटक केलं, ऐकलं. मग किल्ल्या खिशात टाकून हात त्या खळग्यात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

मला राहवेना. "काका, न्या ना घरी. कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"तो म्हातारा," ते म्हणाले.

"तो कुठं बघायला येतोय!"

"अगं, त्याचंही घर होतं. त्याच्याही बायकोनं काहीतरी फोडलं असेल, मसाला वाटला असेल." त्यांनी खळग्यातली धूळ अंगठ्यानं पुसली. "टाकायचं नाही. ठेवायचंही नाही. वापरायचं. सगळ्यांना हेच सांगत आलो. माझ्यापाशी आल्यावर बदलू?"

आणि मुकादमाच्या मदतीनं त्यांनी स्वतः तो उंबरा उचलून क्रशरच्या पट्ट्यावर ठेवला. पट्टा सरकला. काकांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं. एरवी दुसऱ्या कुणाला काढू दिलं नसतं त्यांनी. वेगळा असा आवाजही आला नाही हो, त्या धडधडीत कुठंच्या कुठं विरून गेला. मी मात्र हमसून हमसून रडले. पलीकडून खडी पडत होती. काकांनी मूठभर उचलून माझ्यापुढं धरली.

"यातली तिची कुठली? सांग."

"कसं सांगू?"

"मग सगळीच तिची," असं म्हणून त्यांनी मूठ परत ढिगावर सोडली. निघताना बुटात एक खडा टोचला. तोही काढून ढिगावर टाकला, मग चालायला लागले. एवढं खंबीर माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुलगी बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग तीच येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. ते निघाले त्या सकाळी आमच्या नव्या ब्लॉकसमोर मजूर फुटपाथची कड बसवत होते. काका खाली वाकले, टकटक केलं. "आपल्याच यार्डाची खडी आहे यात," म्हणाले, आणि टॅक्सीत बसले.

परवा सकाळी मुलीचा फोन आला. काका झोपेतच गेले. रडत होती, मध्येच हसली. म्हणाली, "इथल्या सगळ्या भिंती वाजवून ठेवल्यात बाबांनी." मग विचारलं, "तो फुटपाथ आहे ना गं अजून?"

"आहे," मी म्हटलं. "आत्ताच आलेय त्यावरून."

फोन ठेवल्यावर काय करावं सुचेना. फ्रीजमधला नारळ घेतला आणि खाली गेले. या देशात फुटपाथवर नारळ फोडल्याबद्दल दंड आहे की नाही, देव जाणे. मी कडेशी बसतेय तोच बाजारातून परतणाऱ्या आंटी समोर उभ्या. माझ्या तोंडाकडे बघितलं, नारळाकडे बघितलं.

"अंकल गॉन, आह?"

मी मान हलवली. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. वाडगा नव्हता, म्हणून दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढं धरली. मी जोरात हाणला. नारळ फुटला, पाणी त्यांच्या ओंजळीतून कडेवर सांडलं. आंटींनी ओल्या अंगठ्यानं कड चाचपली. तिथं लहानसा पांढरा ओरखडा उमटला होता.

"नाऊ स्टार्ट अगेन, लाह," त्या म्हणाल्या, आणि अर्धा नारळ माझ्या हातातून घेऊन माझ्याशेजारी बसल्या.