चिलापीची घराणी

आंबेनळी घाट उतरताना माझे दोन रिकामे डबे प्रत्येक वळणावर सीटखालून निसटत होते. शेवटी कंडक्टरने एक पायाने अडवला.

"बाई, यात काय आणणार?"

"चिलापी."

तो हसला. "इंदापूरहून कोकणात, चिलापीसाठी? उजनीत काय कमी पडली का?"

चूक नव्हते त्याचे. आमच्याकडे हा मासा उदंड, पण तळहाताएवढा झाला की वाढ थांबते आणि नुसती पिल्ले होत राहतात. माझ्या मातीच्या तळ्यात तेच चालले होते. महाडकडे शिवथरच्या खोऱ्यात एक बाई निवडून निवडून चिलापीचा वाण सुधारते आहे, असे समजले. फोन केला. बीज (तळ्यात सोडायची पिल्ले) देते म्हणाली, आणि मी निघाले.

घाटात काटेसावर लालभडक फुलली होती. पोलादपूरला उतरताच उकाड्याने गाठले. महाडहून बिरवाडीला पोहोचले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. डबे मांडीवर घेऊन कामगारांच्या गर्दीत मिनीडोरमध्ये (सहा आसनी रिक्षा) कशीबशी मावले.

फोनवर बोललेली ती बाई, कल्पना, खोऱ्यातल्या रस्त्यावर उभी होती. पूर्वी ती बिरवाडीत खोली घेऊन राहायची, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नोकरी सोडून तिने सासरच्या भातखाचरात तळे खणले. तळ्यात सहा हापे (मच्छरदाणीसारखे जाळीचे पिंजरे) बांधलेले होते.

"एका हाप्यात एकाच जोडीची पिल्लं," ती म्हणाली. "ते एक घराणं. वाढली की त्यातले उत्तम नर-मादी ठेवायचे, बाकीचे बाजारात. आणि सोयरीक कायम दुसऱ्या घराण्यात."

"म्हणजे आपल्यासारखंच. सगोत्र चालत नाही."

"अगदी!" ती खळखळून हसली. "ही तिसरी पिढी. उद्या निवड करून कल्ल्यामागच्या परांना खुणा करायच्या आहेत. मग तुमचं बीज."

जेवायला तांदळाची भाकरी आणि आमसूल घातलेले चिलापीचे कालवण होते. तिच्या सासूबाई वाढत होत्या. "खा गो पोटभर. काटा कमी हाय याला." उजनीच्या काठावर वाढलेली मी, पण एवढी जाड, गोडसर तुकडी कधी खाल्ली नव्हती.

सकाळी चहा हातात घेऊन तळ्यावर गेले, तर कल्पना कमरेएवढ्या पाण्यात फाटकी जाळी धरून उभी होती. ऊद (पाणमांजर) येऊन गेला होता. सहापैकी चार हापे फाडलेले, आणि चार घराण्यांचे मासे तळ्यात एकत्र फिरत होते. खुणा झालेल्या नव्हत्या. कोण कोणाचा भाऊ, कोण बहीण, सांगायला काही मार्ग उरला नव्हता.

"पण मासे आहेत ना तळ्यात?" मी म्हणाले. "मोठे मोठे काढून द्या. मला चालतील."

"देऊन टाक गो," सासूबाई बांधावरून म्हणाल्या. "माशावर काय नाव लिवलंय? कोनाला कळणार नाय."

"मला कळेल ना, आई." तिचा आवाज चढला नाही. "आणि पुढच्या पिढीत ताईंच्या तळ्यालाही कळेल. भावाबहिणीची जोडी लागली की पिल्लं खुरटतात. आत्ता आहे तीच चिलापी होईल यांच्याकडे, फक्त कोकणातून आणलेली."

मला राग आला. एवढा घाट उतरून रिकाम्या डब्यांनी परत जायचे? मी बांधावर जाऊन बसले. तिने तोवर ओढजाळे आणले होते.

"ताई, एक टोक धरता?"

मी साडी खोचून पाण्यात उतरले.

दुपारपर्यंत आम्ही जाळे ओढत होतो. मिसळलेले सगळे मासे बिरवाडीच्या बाजारासाठी टेम्पोत भरले. त्यात एक लांबरुंद नर होता, शेपटीला गुलाबी कड असलेला. याच्यावरच तिचा डोळा होता. तिने त्याला दोन्ही हातांत क्षणभर धरले आणि क्रेटमध्ये ठेवून दिले. मग उरलेल्या दोन हाप्यांतला एकेक मासा मोजला, तोलला. निवडलेल्यांच्या पराचे टोक कातरले: एका घराण्याचे डावीकडचे, दुसऱ्याचे उजवीकडचे.

"या दोन घराण्यांवर पुन्हा उभं करीन," ती हात धूत म्हणाली. "वेळ लागेल, लागू दे. पण सगळं एकाच तळ्यात ठेवायचं नाही आता. यातले निम्मे तुम्ही न्या. इथे पुन्हा काही झालं तर घाटावर घराणी जिवंत राहतील."

"माझं तळं जुन्या चिलापीने भरलंय."

"मग आधी ते रिकामं करा. तोवर हे वेगवेगळ्या हौदांत. विकायचे नाहीत, आणि मी सांगेपर्यंत एकत्र सोडायचे नाहीत. जमेल?"

बीज घ्यायला आलेल्या मला हे ओझे नको होते. तरी तोंडातून निघाले, "जमवीन."

परतीच्या गाडीत प्राणवायू भरलेल्या पिशव्या डब्यांत होत्या. घाट चढत गेला तशा त्या फुगून ढोलासारख्या टणक झाल्या. "फुटली तर पाणी कोणाच्या अंगावर?" शेजारच्या बाईंनी विचारले. "माझ्या," म्हणून मी डबे जवळ ओढले. महाबळेश्वरला गारठा लागला. चिलापीला थंडी सोसत नाही, म्हणून अंगावरची शाल डब्यांना गुंडाळली आणि स्वतः कुडकुडत वाईपर्यंत आले. मासे सगळे जिवंत पोहोचले.

घरी दिरांनी हौदात डोकावून विचारले, "झकास आहेत. विकायला कधी काढायचे?"

"विकायचे नाहीत," मी म्हणाले, आणि तळ्यावर पंप लावला.

पाणी उपसून झाले, जुना मासा निघाला, तरी चिखलातल्या डबक्यांत बोटभर पिल्ले वळवळत होती. यातली एक जोडी उरली तरी सगळे पहिल्यावर येणार. चाळण घेऊन मी एकेक डबके गाळते आहे. प्रवासातून माणूस काही ना काही घेऊन येतो. माझ्याबरोबर एक शब्द आला, दुसऱ्या बाईला दिलेला. तळे उन्हात सुकून तळाला भेगा पडेपर्यंत त्यात पाणी सोडायचे नाही, असे ठरवले आहे.