मासोळीच्या घरातलं उपासाचं पीठ

बचत गटाच्या बायका मला अधूनमधून बोलावतात आणि धंद्यात यश कसं मिळालं ते सांगा म्हणतात. मी बोलायला लागले की त्यांची चुळबुळ सुरू होते, कारण मी यश सोडून भलतंच सांगत बसते. त्यांना पटकन घरी नेता येईल असं काहीतरी हवं असतं, आणि माझ्याकडे तसं काही नाही. माझा धंदा एका महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या वाळूत बुडाला. तो तिथे बुडाला नसता, तर मी आयुष्यभर स्वतःला फार हुशार समजत बसले असते. ती गोष्ट सांगायची तर माझं नुकतंच लग्न झालं होतं तिथपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही ढिवर. सावली या मोठ्या गावाकडच्या एका खेड्यात तलावाच्या पाळीखाली आमचं घर. मासोळी, शिंगाडा आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी, यावर घर चालायचं. घरात आम्ही तिघं, घरधनी, सासूबाई आणि मी. चौथीपर्यंत शिकलेली सून म्हणून सासूबाईंना माझं कौतुकही होतं आणि धाकही. धाक शाळेचा नव्हता, माझ्या तोंडाचा होता. राग माझ्या नाकावर असायचा आणि तो कोणासाठी थांबायचा नाही.

त्या वर्षांत मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती. तलाव सरकारजमा झाला, पण मासोळीचा हक्क आता कोणाचा, हे कोणी नीट सांगेना. त्यात उन्हाळ्यात पाणी आटायचं. गावातले दोघंतिघं माजरीला कोळशाच्या खाणीत गेले होते. ते सणाला येताना नव्या चपला घालून आले आणि आमच्या घरधन्यांचं मन तिकडे ओढ घ्यायला लागलं.

"मी बी जातो माजरीले," ते एकदा जेवताना म्हणाले. "इथी काय ठेवलं हाय?"

जमिनीच्या पोटात उतरून काम करायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. पाण्यावरचा माणूस तो. पण मी रडले नाही, भांडले. भांडून काही होत नाही असं दिसल्यावर मी मनाशी ठरवलं, की या माणसाला इथेच राहावंसं वाटेल असा काहीतरी धंदा उभा करायचा.

सुरुवात झकास झाली. मूल गावच्या बाजारात सगळ्या बायका उकडलेले शिंगाडे घरून टोपलीत आणायच्या, ते तोवर थंडगार होऊन जायचे. मी मडकं घेऊन गेले, बाजारातच तीन दगड मांडले आणि तिथेच शिंगाडे उकडायला लागले. वाफ निघाली की माणसं आपोआप वळायची. वर माझं तोंड होतंच. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, थट्टा करायची, घासाघीस करणाऱ्याला दोन शब्द ऐकवून त्यालाच हसवायचं. बाजार उठायच्या आधी माझी टोपली रिकामी असायची. मला वाटलं, धंदा म्हणजे हेच. आपलं तोंड चाललं की माल खपतो.

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या यशानंच माझं नुकसान केलं. शिंगाडे खपत होते ते गरम होते म्हणून. मी मात्र सगळं श्रेय माझ्या जिभेला देऊन टाकलं.

एका बाजारात एक बाई म्हणाली, "सुका शिंगाडा ठेवत जा ना. शिवरात्रीले पीठ लागते." ते डोक्यात बसलं. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. वैनगंगेच्या वाळूत गावंच्या गावं उतरतात, आणि त्या दिवशी झाडून सगळ्यांचा उपास असतो. ताजा शिंगाडा तोवर संपलेला असतो, पीठ असलं तर कोण सोडेल? मी घरी येऊन घरधन्यांना सांगितलं, "शिवरात्रीपावतर थांबा. पीठ खपलं तर जायाचं नाई."

"आन नाई खपलं तर?"

"तर मीच तुमचं गाठोडं बांधून देतो," मी म्हटलं. बोलून गेले. खपणार नाही ही शंका मला शिवलीसुद्धा नव्हती.

मग आम्ही कामाला लागलो. घरधन्यांनी डोंग्यातून, आमच्या लहान होडीतून, तलावातला शेवटचा शिंगाडा काढला. सोलताना बोटांत काटे जायचे, बोटं सुजली. आमच्या हातचं पाणी गावात सगळ्यांना चालतं, त्यामुळे उपासाचं पीठ आमच्या हातचं घ्यायला कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं. तरी मी सोवळ्यात काही कमी पडू दिलं नाही. शिंगाडा वाळवायला अंगणातला बांबूचा तट्टा तलावावर नेऊन घासून धुतला. त्यावर गोमूत्र शिंपडलं. आंघोळ केल्याशिवाय शिंगाड्याला हात लावला नाही. जात्याची पूजा केली, मग दळलं. पीठ असं पांढरंशुभ्र पडलं, की सासूबाईसुद्धा बघत राहिल्या.

त्या तट्ट्यावर वर्षभर आम्ही झिंगे आणि बारीक मासोळी वाळवायचो. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही.

शिवरात्रीला आम्ही नदी उतरून मार्कंड्याला गेलो. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, अगदी मोक्याच्या जागी फडकं अंथरून बसलो. गर्दी दाटली. मी हाका मारायला लागले. एक बाई आली, चिमूटभर पीठ हातावर घेतलं, हात नाकाशी नेला आणि काही न बोलता निघून गेली. दुसरी आली, तिनंही तसंच केलं. तिसरीनं पीठ घेतलंही नाही, नुसती वाकली आणि सरळ झाली. मी आवाज वाढवला. जितका आवाज वाढवावा तितक्या बाया लांबून जायला लागल्या. शेजारी एक माणूस रताळी विकत होता, त्याच्याकडे रीघ लागली होती आणि आमच्यापुढे कोणी नाही.

दुपारच्या सुमाराला एक म्हातारी आली. शेतकऱ्याघरची, कपाळभर कुंकू, हातात पाण्याचा लोटा. तिनंही वास घेतला. पण ती गेली नाही. खाली बसली आणि हळूच म्हणाली, "पोरी, पीठ चांगलं हाय. पन याले मासोळीचा वास येऊन राह्यला. आज उपास हाय ना."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "वास पिठाले नाई, तुमच्या मनात हाय. आमी ढिवर हावो म्हून तुमाले वास येते." आणखी बरंच बोलले. बाया गोळा झाल्या. म्हातारी उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "नदीच्या पल्याड, वडाच्या मारुतीजवळ माहं घर हाय. राग निवला तं येजो." एवढं बोलून ती गेली.

ती गेल्यावर मी पिठात नाक घातलं. मला काही आलं नाही. पुन्हा घातलं. मग घरधन्यांना म्हटलं, "पाहा बरं." त्यांनी ओंजळभर पीठ उचलून चांगला दीर्घ श्वास घेतला. नाकाला, मिशीला पीठ लागलं.

"मले तं नाई येत," ते म्हणाले.

आम्ही दोघं तिथे वाळूत बसून आळीपाळीनं पीठ हुंगत राहिलो. समोरून जत्रा चालली होती. शेवटी त्यांना हसू आलं आणि मला रडू. पीठ जसं आणलं तसं परत नेलं.

मी शब्दाला जागले. दोन दिवसांनी गाठोडं बांधून दिलं आणि ते माजरीला गेले.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी सगळ्या जगावर चिडलेली होते. ते पीठ आम्ही घरातच खाल्लं, सासूबाई आणि मी. एकदा भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "आपल्याले आपला वास कसा येईन? जनमभर यातच राह्यलो." मी त्यांच्यावरही खेकसले. पण मनात ते रुतून बसलं. मी सोवळं पाळलं होतं, स्वच्छता पाळली होती. माझ्या हिशेबी माल चोख होता. पण तो घेणाऱ्याच्या नाकाला कसा लागतो, हे मी विचारलंच नव्हतं, आणि जिनं न विचारता सांगितलं तिच्यावर मी धावून गेले होते.

पुढे धंद्यात मी पुष्कळ वेळा आपटले. वरोऱ्याला एकदा पीठ नेलं, तिथल्या बायांनी हातसुद्धा लावला नाही. पण तेव्हा मी भांडले नाही. एकीला हाताला धरून बसवलं आणि विचारलं, काऊन घेत नाई? ती म्हणाली, दळलेल्यात काय मिसळलं कोणाला ठाऊक, आम्हाला आख्खा सुका द्या, आम्ही घरी दळू. पुढच्या खेपेला आख्खा नेला आणि तो गेला. ही विचारायची अक्कल मला मार्कंड्याच्या वाळूत आली, आणि ती फुकट आली नव्हती.

पण ते पुढचं. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर मी त्या म्हातारीच्या घरी गेले. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, "पुन्हा भांडाले आली काय?"

"नाई बाई," मी म्हटलं. "तुमचं नाक पायजे."

ती इतकी हसली की सूप खाली ठेवावं लागलं. मग तिनं मला आत घेतलं नाही, दारातच उभं केलं आणि हुंगायला सुरुवात केली. टोपली हुंगली. पदर हुंगला. माझे हात हुंगले. "टोपली नवी पायजे. लुगडं बी. आन हे हात." माझा राग पुन्हा वर आला. मी म्हटलं, "मासोळीनं आमचं पोट भरलं हाय बाई. ते काई घान नोहे."

"घान कोन म्हनते? मी बी खातो," ती म्हणाली. "उपासाच्या दिवशी नाई खात, एवढंच."

खरं सांगायचं तर त्या एका वाक्यानं माझ्या मनातलं ओझं उतरलं. मला वाटत होतं, मला माझ्या घराची लाज वाटायला हवी अशी तिची इच्छा आहे. तिला फक्त उपासाचं पीठ हवं होतं.

धानाची मळणी झाली की तिचं खळं रिकामं व्हायचं. शेणानं सारवलेलं, उन्हात तापलेलं. ते तिनं मला दिलं. शिंगाडा तलावातून थेट त्या खळ्यावर जायचा, आमच्या घरात पाऊलही ठेवायचा नाही. मी तिच्याकडे एक वेगळं लुगडं ठेवलं. त्या दिवसांत मासोळीचं सगळं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. म्हातारीच्या सुना माझ्याबरोबर सोलायला बसायच्या, दळणही तिच्याच जात्यावर. बदल्यात त्या घरातल्या एकादश्यांचं पीठ माझ्याकडून. रोज संध्याकाळी म्हातारी काठी टेकत यायची आणि पीठ नाकाशी न्यायची. ती मान हलवेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

घरधनी दिवाळीलाही आले नाहीत. गावातल्या एकाबरोबर निरोप आला, की शिवरात्रीला सुट्टी मिळेल, माजरीहून थेट मार्कंड्यालाच येतो.

त्या शिवरात्रीला मी आदल्या वर्षीच्याच जागी बसले. हाका मारल्या नाहीत. पहिल्या बाईनं चिमूट नाकाशी नेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ती ओटी पसरून उभी होती. मग दुसरी आली. मग कोण आलं न् कोण गेलं मला कळेना. घरधनी आले तेव्हा टोपलीच्या तळाशी थोडंच पीठ उरलं होतं. ते बारीक झाले होते. नखांत काळं भरलेलं. मी पिठाची ओंजळ पुढे केली, त्यांनी वास घेतला.

"नाई येत," ते म्हणाले.

"तुमी मागच्या वर्षी बी असंच म्हनलं होतं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. पण ते राहणार की जाणार, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. सासूबाई दारात उभ्या होत्या. घरधनी उंबरठ्याशी आले आणि तिथेच थबकले. त्यांनी नाकाला हात लावला.

"बाई," ते आईला म्हणाले, "घरात मासोळीचा वास केवढा येऊन राह्यला."

याच घरात जन्मलेला माणूस, आणि त्याला घराचा वास येतोय. खाणीनं त्याला आमच्यापासून इतकं लांब नेलं होतं. आत जाऊन मी भांडी आपटत राहिले. भांडी आपटता आपटता दुसरं एक लक्षात आलं. या नाकाला आता वास कळत होता, म्हणजे माझं पीठ खरंच चांगलं होतं. मला एकाच वेळी आनंद झाला आणि रडू आलं.

त्यांची सुट्टी संपायचा दिवस आला. मी गाठोडं बांधलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. सकाळी ते पाळीवर जाऊन बसले. दुपारी फाटकं जाळं काढून सांधायला लागले. दुसऱ्या दिवशी डोंगा काढला. पुढच्या हंगामात खळ्यावर शिंगाडा किती न्यायचा, हे सासूबाईंशी बोलायला लागले. मी कान देऊन ऐकायची आणि काही विचारायची नाही. विचारलं तर मोडेल असं वाटायचं.

चैत्रात एकदा मी अंगणात तट्ट्यावर झिंगे पसरत होते. ते शेजारीच जाळं विणत बसले होते. न राहवून मी विचारलं, "घराले अजून वास येते काय?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, झिंग्यांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"कायचा वास?" ते म्हणाले, आणि पुन्हा विणायला लागले.