कोणापैकी

दोन हजार पाच सालच्या मार्चमधल्या एका मंगळवारी माझा मित्र सायकलवरून विद्यापीठात जायला निघाला. पुलाच्या उतारावर एक व्हॅन वळली. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो हॉस्पिटलमध्ये वारला.

तो घानाचा होता. बॉनमधल्या वोनहाइमच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या, चौथ्या मजल्यावर आमच्या खोल्या समोरासमोर होत्या आणि स्वयंपाकघर एक होतं. असे आम्ही चार वर्षं राहिलो. मी जुन्या पोथ्यांवर संशोधन करत होतो, तो शेतीशास्त्रात होता. माझी फोडणी त्याला खोकला आणायची आणि त्याच्या सुक्या मासळीचा वास माझ्या स्वेटरांना लागायचा. पहिल्या वर्षानंतर दोघांनीही तक्रार करणं सोडून दिलं आणि एकाच पातेल्यात भात टाकायला लागलो.

दर गुरुवारी संध्याकाळी तो एका शाळेच्या व्यायामशाळेत जर्मन लोकांना नाच शिकवायचा. वर्गाचं नाव 'आफ्रिकन नृत्य' असं होतं. ते नाव त्याने ठेवलेलं नव्हतं. "आफ्रिकेत आफ्रिकन नाच कोणीच नाचत नाही," तो म्हणायचा. "तो फक्त बॉनमध्ये असतो, गुरुवारी, साडेसहा ते आठ." व्यायामशाळेच्या रखवालदाराला दर आठवड्याला हजेरीचा कागद लागायचा आणि माझ्या मित्राला कागदांचा कंटाळा. म्हणून मी जायला लागलो. कोपऱ्यातल्या बाकावर बसून हजेरी घ्यायची, सांगितलं की कॅसेट लावायची. नाचलो कधी नाही.

वर्गात मुख्यतः दोन नाच शिकवले जात. एकात पाय जवळजवळ जागच्या जागी राहत आणि सगळं हातांनी बोललं जाई. हात डोक्यावर ठेवले की एक अर्थ, छातीशी आवळले की दुसरा. दुसरा नाच पाठीचा. गुडघे वाकवून, कोपरं दुमडून, पाठ अशी आखडायची आणि सोडायची की खांद्यांना पंख फुटल्यासारखं वाटे. वहीत मी 'हातांचा' आणि 'पाठीचा' एवढंच लिहीत असे. त्यांना नावं असणार हे मला माहीत होतं. ती मी विचारली नाहीत.

का विचारली नाहीत हे सांगायचं तर मला माझ्या घराकडे जावं लागेल. आमचं घर नाशिकचं, वडील हायस्कुलात शिक्षक. आमच्या घरी आलेल्या माणसाला आडनाव विचारायचं नाही असा नियम होता. शेजारच्या काकू नव्या भाडेकरूला पायरीवरच गाठत आणि विचारत, "तुम्ही कोणापैकी?" असं कानावर आलं की वडील हातातलं काम सोडून उठत. एकदा त्यांनीच मधे पडून उत्तर दिलं होतं, "माणसांपैकी." काकू महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला वडिलांचा फार अभिमान वाटला होता. त्या दिवसापासून मी कोणालाही तो प्रश्न विचारला नाही. आणि दुसरा कोणी विचारायला लागला की तिथून उठायची सवय मलाही लागली.

माझ्या मित्राने मात्र मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तो भांडी घासत होता, मी पुसत होतो.

"तू कुठला?"

"भारतातला."

"तो तुझा पासपोर्ट. तुझी माणसं कुठली? तुमच्यात कोणी मेलं की कुठला नाच नाचता?"

"आम्ही नाचत नाही," मी म्हटलं.

"आम्ही म्हणजे कोण?" असं म्हणून तो हसला आणि माझ्या हातात ओला तवा दिला.

त्या 'आम्ही'मध्ये मी त्याला सगळं सांगून टाकलं होतं, हे माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. आमच्याकडच्या कितीतरी घरांत नाचतात. मी ज्या घरांतला आहे तिथे नाचत नाहीत. तेव्हा मला एवढंच वाटलं की त्याने विचारलं तरी आपण उलट विचारू नये. तीच चांगली रीत.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी वोनहाइमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं आली. एक बाई, साठीच्या, कोलोनजवळ राहणाऱ्या. सगळे त्यांना आँटी म्हणत, मीही म्हणायला लागलो. त्या घानातल्या असांते समाजाच्या आणि कोलोनकडे राहणाऱ्या असांते बायकांच्या नाचाच्या प्रमुख. दुसरे अंकल, घानातल्याच एवे समाजाचे, टपालाच्या गोदामात काम करणारे आणि ढोल वाजवणारे. दोघांची एकमेकांशी तीस वर्षांची ओळख होती. मी चहा केला. आँटींनी चहात चार चमचे साखर घातली आणि सरळ विषयाला हात घातला.

"त्याचा बाप आमच्यातला, असांते. आई ह्यांच्यातली. दोघंही गेलेत. मुलगा राजधानीत, अक्रात, शेजाऱ्यांच्या घरी वाढला. मी त्याच्या बापाच्या गावी फोन केला. ते म्हणाले, मूल आईच्या घराचं असतं, तिकडे विचारा."

"आणि आमच्यात मूल बापाचं," अंकल म्हणाले. "मी आईच्या गावी फोन केला. ते म्हणाले, बापाच्या घरी विचारा."

"उलटं असतं तर बरं झालं असतं," आँटी म्हणाल्या. "आई आमची, बाप ह्यांचा. मग दोन्हीकडून ओढाताण झाली असती. हा आमच्या मधल्या फटीत पडला."

मला वाटलं, ह्यात अडचण कुठे आहे? दोघांनीही नाचावं. मी तसं म्हटलं. अंकल हसले, पण चेष्टेने नाही.

"आम्ही दोघंही येणार आहोत. पाहुणे म्हणून. पण पाहुणा नाच सुरू करत नाही, पोरा. घरच्यांनी सुरू करायचा असतो. मग आम्ही रात्रभर नाचू."

"म्हणून तुझ्याकडे आलो," आँटी म्हणाल्या. "तू त्याच्याबरोबर चार वर्षं एका भांड्यातून जेवलास. तो स्वतःला काय म्हणायचा? एकदा जरी म्हणाला असेल आणि तू ऐकलं असशील, तरी पुरे. त्या शब्दावर आम्ही त्याला घरात घेऊ. मी घेईन, नाहीतर हा घेईल."

मी रिकामे कप गोळा करायला लागलो. आँटींनी मला मदत करायचा प्रयत्न केला. फोनवर तो कसा बोलायचा? मला ऐकून पाठ झालेले दोन-तीन शब्द मी म्हणून दाखवले. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. ती अक्राची भाषा, तिथे वाढलेला प्रत्येक जण बोलतो. दुसरी एखादी भाषा? असेल. तो तीन भाषांत बोलायचा असं मला वाटतं, पण मला त्या वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. ज्या दुकानदाराने माझं मराठी ऐकून "हिंदी छान बोलता" म्हटलं होतं, त्याच्यावर मी दोन दिवस चिडलो होतो.

"म्हणजे तू विचारलंच नाहीस," आँटी म्हणाल्या.

"आमच्यात असं विचारणं चांगलं समजत नाहीत."

"मग तुमच्यात माणूस मेला की त्याला कोण उचलतं? हवा?"

अंकल म्हणाले, "अगं, राहू दे." आँटी राहू देणाऱ्यातल्या नव्हत्या, पण माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आठव. पुढच्या शनिवारी दफन आहे, तोपर्यंत आठव."

मला एक प्रसंग आठवतच होता. त्यांना सांगायचं धाडस झालं नव्हतं. आधीच्या ऑक्टोबरमध्ये, वर्गाच्या मधल्या सुट्टीत, एका निवृत्त शिक्षिकेने त्याला विचारलं होतं, "ह्या दोन नाचांतला तुमचा स्वतःचा कुठला?" तो जमिनीवर बसून टॉवेलने मान पुसत होता. नेहमीसारखा विनोद त्याने केला नाही. टॉवेल मांडीवर ठेवला आणि हळूहळू बोलायला सुरुवात केली. आणि मी उठलो. पाण्याची बाटली उचलली आणि भरायला बाहेर गेलो. बाटली अर्धी भरलेली होती. मी परत आलो तेव्हा वर्ग शांत होता आणि त्या बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मी कॅसेट लावली.

हजेरीच्या कागदावरून मी त्या बाईंचा नंबर शोधला आणि फोन केला. त्या ओळखल्याबरोबर रडायला लागल्या.

"हो, हो, आठवतंय ना. इतकं सुंदर बोलला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आईबद्दल बोलला, वडलांबद्दल. आणि म्हणाला, ह्यातला एक मला चांगला येतो आणि दुसरा माझा आहे."

"दुसरा म्हणजे कुठला?"

"म्हणजे... त्याने नाव घेतलं होतं. मला ती नावं सारखीच वाटतात, माफ करा."

"हातांचा की पाठीचा?"

"हातांचा. नाही, थांबा. त्याने करून दाखवलं होतं, बसल्या बसल्या... तुम्हीही होतात ना तिथे? तुमच्या लक्षात नाही?"

मी म्हटलं, मी पाणी आणायला गेलो होतो.

"मी हातांचा असं म्हणू का?" त्यांनी विचारलं. "त्याने काही बिघडेल का?"

पुढचे काही दिवस मी तेवढाच विचार केला. माझ्या एका वाक्याने काम झालं असतं. आँटींना फोन करून 'हातांचा' म्हणायचं; हातांचा नाच त्यांच्या लोकांचा, पाठीचा अंकलच्या. आँटी बायका घेऊन आल्या असत्या, अंकलनी आनंदाने पाहुणे म्हणून ढोल वाजवला असता. त्या माणसाला चार वर्षांत मी काय दिलं होतं? निदान हे देता आलं असतं. पण माझं सगळं शिक्षण एकाच गोष्टीचं होतं. पोथीत अक्षर झिजलेलं असेल तर तिथे जागा सोडायची, आपल्याला बरा वाटतो म्हणून शब्द घालायचा नाही. घातला की पुढचा वाचणारा तो खरा मानतो. मला वाटत राहिलं, तो पाठीचा म्हणाला असेल तर? आपण त्याला कायमचं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवू. मी फोन उचलायचो आणि ठेवायचो. शनिवार आला.

शहराच्या उत्तरेच्या दफनभूमीत ऐंशीएक माणसं जमली होती. आँटी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका काळ्या-लाल कापडांत होत्या. अंकल आणि त्यांची चार माणसं ढोल घेऊन आली होती. ढोलांवर अजून चादरी होत्या. गुरुवारच्या वर्गातल्या सगळ्या जर्मन बायका आल्या होत्या, एकीने मुलाला कडेवर घेतलं होतं. पाऊस नव्हता, वारा होता.

आँटी माझ्याकडे आल्या. "बोल," एवढंच म्हणाल्या.

"मला माहीत नाही, आँटी."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या परत आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. अंकलनी लांबून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नाही म्हणून हात केला, आणि अंकलनी चादरीची गाठ पुन्हा घट्ट केली.

धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली. पेटी खाली गेली. मग सगळे उभेच राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. घानाचे लोक कशाची वाट बघताहेत हे जर्मन लोकांना कळत नव्हतं, आणि मला कळत होतं. त्या निवृत्त शिक्षिकेने हळूच आपले हात वर घेतले, डोक्याकडे नेले, त्याने शिकवलं होतं तसे. दुसऱ्या दोघींनीही घेतले. मला क्षणभर वाटलं की हे असंच सुरू होईल. आँटी पुढे झाल्या, त्यांनी त्या बाईंचं मनगट हळूच धरलं आणि खाली घेतलं.

"तू पाहुणी आहेस," त्या त्यांच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "आज इथे सगळे पाहुणेच आहेत."

त्यांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून मी बुटांकडे पाहत होतो. दोन वर्षं बाकावर बसून मला दोन्ही नाचांची प्रत्येक हालचाल पाठ झाली होती. माझा एक हातही उचलला गेला नाही.

परतताना फाटकाशी आँटी माझ्याजवळ थांबल्या. "मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडे नाच नंतरही होतो. वर्षाने होतो, दहा वर्षांनी होतो. घरचं कोणी उभं राहिलं की होतो. तोपर्यंत तो थांबेल."

"कुठे?" मी विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "ते मला कसं ठाऊक असणार? मी पाहुणी."

त्यानंतर मी वडिलांना पत्रात हे सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, पण त्यात ह्या गोष्टीबद्दल काही नव्हतं. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा एका दुपारी ते आपण होऊन म्हणाले, "विचारण्यात आणि विचारण्यात फरक असतो. तो मी तुला शिकवायला हवा होता." मी म्हटलं, तसं काही नाही. आम्ही दोघंही पेपर वाचायला लागलो.

अंकल निवृत्त होऊन घानाला परत गेले. दोन हजार नऊमध्ये आँटी वारल्या. त्यांच्यासाठी एका भाड्याच्या सभागृहात शुक्रवारपासून रविवारपर्यंत नाच चालला. मी गेलो होतो. त्यांच्या थोरल्या मुलीने सुरुवात केली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, आणि मागून शंभर बायका उठल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना मी नाचाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, अडोवा. पाठीच्या नाचाचंही विचारलं. तो आग्बाजा. दोन्ही नावं मी तिथेच लिहून घेतली.

आँटी गेल्यावर, तो स्वतःला काय म्हणायचा हे मला विचारणारं कोणी राहिलेलं नाही. माझ्या मित्राच्या आई-वडिलांच्या गावी मी इंग्रजीत चार पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, वडिलांच्या गावाहून, अदबीने लिहिलेलं. त्यात आईच्या गावचा पत्ता होता.

त्याच्यासाठी अजून कोणी नाचलेलं नाही.