गेटपाशी भेटलेली हुई मिन

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एखादी गोष्ट परत तशीच करून दाखवता आली नाही, तर ती झालीच नाही असं धरून चालायची मला चौदा वर्षांची सवय आहे. माझे वडील साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात नवस, दृष्ट, उतारा असलं काही मी पाहिलेलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. त्यामुळे स्वतः लिहायला बसताना अवघडल्यासारखं होतंय. या गोष्टीला दोन वर्षं झाली आणि नवऱ्याशिवाय अजून कुणालाही मी हे सांगितलेलं नाही.

आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो तेव्हा ईरा आठ वर्षांची होती. सेरंगूनमध्ये फ्लॅट घेतला, दहा मिनिटांच्या अंतरावर सरकारी प्रायमरी शाळा मिळाली, माझं ऑफिस वन-नॉर्थला — मेट्रोची, म्हणजे एमआरटीची, एकच लाइन, सगळं सोयीचं. पुण्यात ही मुलगी झोपेतही बोलायची. इथे पहिल्याच आठवड्यात वर्गातली मुलं तिच्या इंग्लिशला हसली आणि तिने तोंड उघडणंच बंद केलं. तीन आठवड्यांनी वर्गशिक्षिका मिस लिम यांचा फोन आला की ईरा वर्गात एक शब्दही बोलत नाही, डबासुद्धा तसाच परत नेते.

मग तिच्या शेजारी हुई मिन बसायला आली.

हुई मिन तोआ पायोहला आजीकडे राहायची, तिथून बसने शाळेत यायची. मी तिला एकूण दोनदाच पाहिलं होतं — एकदा शाळेच्या स्पोर्ट्स डेला, एकदा गेटबाहेर. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटत आलेली, आणि पुढच्या दाताचा एक कोपरा तुटलेला. कॅन्टीनमध्ये ती ईराच्या पुढे रांगेत उभी राहायची आणि स्टॉलवरच्या आँटीला बजावायची की हिला नूडल्समध्ये फिशबॉल नको, चिकन नको, त्याचं सूपही नको. हळूहळू ईरा स्वतःच मागायला लागली. घरी येऊन इथल्या मुलांसारखं वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावून बोलायला लागली. आम्ही दोघं हसायचो. सहा महिन्यांत माझी बोलकी मुलगी मला परत मिळाली होती... आणि ती कुणामुळे मिळाली हे मला नीट माहीत होतं.

तरीही मी जे केलं ते केलं.

हुई मिन गणितात फार कच्ची होती. तिला वर्गातून वेगळं काढून शिकवायचे. चौथीत ईराचे गणिताचे मार्क घसरले आणि मी या दोन गोष्टी एकमेकींना जोडून टाकल्या. मिस लिमना ईमेल केली, ईराची जागा बदला म्हणून. त्यांचा फोन आला. बाई फार शांतपणे म्हणाल्या की त्या दोघी एकमेकींना सांभाळतात, थोडं थांबू या का? मी ऐकलं नाही. दोन वर्षांवर पीएसएलई, म्हणजे सहावीची बोर्डाची परीक्षा आहे, आत्ता नाही तर कधी, असं बरंच काही बोलले. जागा बदलली. घरी ईरालाही समजावलं — हुई मिन चांगलीच मुलगी आहे, पण रिसेसमध्ये तू आता लायब्ररीत जात जा. तरी ती रोज हुई मिनचं काहीतरी सांगायची. एकदा ऑफिसचा कॉल चालू असताना मी वैतागून म्हणाले, “मला तिचं नाव रोज रोज ऐकायचं नाहीये.”

त्यानंतर तिने खरंच घेतलं नाही. मला वाटलं, विसरली. मुलं विसरतात.

ऑगस्टमधला एक बुधवार होता. बुधवारी मी घरून काम करायचे, म्हणून ईराला घ्यायला मीच जायचे. दीडला शाळा सुटली. मुलं बाहेर आली, गर्दी ओसरली, ईरा आली नाही. एखादा जादा तास असेल म्हणून मी गेटच्या जाळीपाशी उभी राहून फोनवर मेसेज बघत होते. लख्ख ऊन होतं.

“आँटी.”

जाळीच्या पलीकडे हुई मिन उभी होती. शाळेचा युनिफॉर्म, छातीवर नावाचा टॅग, त्या दोन वेण्या. माझ्यापासून हातभर अंतरावर. ती घाईत नव्हती. तिने इंग्लिशमध्ये सांगितलं की ईरा दुसऱ्या मजल्यावर म्युझिक रूमशेजारच्या टॉयलेटमध्ये आहे, शेवटच्या दारामागे. तिला नीट श्वास घेता येत नाहीये.

मी गार्डकडे वळले, तेवढ्यात ती मागून म्हणाली, “आँटी, डोन्ट स्कोल्ड हर, हां.”

पालकांना पास घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. गार्ड अंकलनी माझा चेहरा बघून पास हातात कोंबला आणि मी जिन्याकडे धावले. शेवटचं दार आतून बंद होतं. हाका मारल्या तर उत्तर नाही, नुसता श्वास ऐकू येत होता — तुटक, फार भराभर. सफाईच्या आँटीने बाहेरून कडी फिरवून दिली. ईरा फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, हातांची बोटं आखडून वाकडी झालेली. मुठीत गणिताचा पेपर. नापास झाली होती आणि त्यावर माझी सही आणायची होती.

रिसेसनंतर ती तिथे जाऊन बसली होती. वर्गात सगळ्यांना वाटलं ती गाण्याच्या तालमीला गेलीय, आणि तालमीत वाटलं ती वर्गात आहे. जवळजवळ तीन तास. पॅनिक अटॅक, डॉक्टर म्हणाले. त्यांनी अजून एक गोष्ट विचारली — बऱ्याच दिवसांपासून ही अशी गप्प आहे का?

संध्याकाळी ईरा थोडा वरणभात जेवली. मी तिला रागावले नाही, सही करून पेपर दप्तरात ठेवला. मग म्हणाले, “उद्या हुई मिनला थँक्यू म्हण. तिनेच मला गेटवर येऊन सांगितलं.”

ईराने मान वर केली. “कोणी?”

“हुई मिनने.”

“आई, ती नाहीये इथे. जूनच्या सुट्टीत गेली ना ती, इपोहला. मलेशियात. तिच्या बाबांचा जॉब आहे तिकडे.”

मी म्हटलं, मला कसं माहीत नाही हे?

“तू म्हणाली होतीस ना,” ईरा म्हणाली, “तिचं नाव नको.”

तक्रारीच्या सुरात नाही हो. साधं, गृहपाठाचं उत्तर द्यावं तसं. दोन महिने माझी मुलगी त्या शाळेत परत एकटी पडली होती, रोज माझ्यासमोर बसून जेवत होती, आणि मला पत्ता नव्हता. त्या क्षणी गेटवर कोण आलं होतं हा विचारही माझ्या मनात आला नाही. तो नंतर आला.

आल्यावर मात्र मी माझ्या सवयीप्रमाणे सगळं तपासलं. मिस लिम म्हणाल्या की हुई मिनने शाळा सोडली आहे, आणि त्या नावाची दुसरी मुलगी शाळेत नाही. गार्ड अंकल म्हणाले, त्यांनी मला जाळीपाशी उभं असलेलं पाहिलं, पण समोर कुणी दिसलं नाही, त्यांना वाटलं मी फोनवर बोलतेय. ईराला विचारलं — आत असताना तुला हुई मिनची आठवण येत होती का? तशा गोष्टी वाचल्या होत्या ना, जिवाभावाच्या माणसाला हाक पोचते वगैरे. ती म्हणाली, “नाही. मी तुझा विचार करत होते. तू काय म्हणशील याचा.”

नवरा म्हणतो की दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीने निरोप दिला असेल आणि घाबरलेल्या मनाने तिला हा चेहरा लावला. असेल. पण ती आली तोपर्यंत मी घाबरलेलीच नव्हते. आणि कुठल्याच मुलीला ईरा तिथे आहे हे माहीत नव्हतं — मिस लिमनी सगळ्या वर्गाला विचारलं होतं.

मिस लिमनी मध्ये पडून हुई मिनच्या आईचा नंबर मिळवून दिला. मी व्हिडिओ कॉल केला. गेटवर मिळालेल्या निरोपाचं काही बोलले नाही, नुसती चौकशी केली. बोलता बोलता कळलं की त्या बुधवारी दुपारी ती इपोहच्या शाळेत वर्गात होती, आईने स्वतः नेऊन सोडलं होतं आणि स्वतःच आणलं होतं. मग हुई मिन स्क्रीनवर आली. तिचे केस कापून अगदी आखूड केले होते. तिकडे गेल्या गेल्याच, आई म्हणाली. मी त्या आखूड केसांकडे बघत बसले.

मला तिची माफी मागायची होती. वाक्यं ठरवून ठेवली होती. पण त्या आधी तीच दबकत म्हणाली, “आँटी, नाऊ आय टॉक टू ईरा... कॅन?”

तिला माहीत होतं. जागा का बदलली, रिसेसला ईरा का यायची थांबली, सगळं तिला पहिल्यापासून माहीत होतं.

मी “कॅन”, म्हणजे चालेल, एवढंच म्हणाले आणि फोन ईराला दिला.

सुरुवातीला दर रविवारी त्या बोलायच्या. मग महिन्यातून एकदा. नवी शाळा, नव्या मैत्रिणी... गेल्या वर्षभरात एकही फोन झालेला नाही. ईरा आता ठीक आहे, दोन-तीन मैत्रिणी आहेत, गणिताचं आम्ही फारसं मनाला लावून घेत नाही. तिला मी एकदा म्हटलं, हुई मिनला फोन कर की. ती म्हणाली, “काय बोलू, आई?” आणि पुस्तकात डोकं घातलं.

त्या दुपारी माझ्याशी कोण बोललं, मला सांगता येत नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. मला एवढंच आठवतं की ती कुणीही असो, मी तिला थँक्यूसुद्धा न म्हणता वळले होते. मागे वळून पाहिलंही नव्हतं.