धक्का न लागलेला गुडघा

"कुणी धक्का मारला?" मी विचारलं.

खो-खो खेळणारी सोनल मान खाली घालून बसली होती. उत्तर तिच्या वडिलांनी दिलं. धक्का कुणाचाच नाही. पळता पळता ती खांबापाशी थांबून वळली आणि पडली. फायनल हातची गेली. तेव्हापासून चोपड्याच्या टीममधली एकही मुलगी तिच्याशी बोलत नव्हती. नीट वळता येत नाही तर मैदानात उतरायचं कशाला, असं कॅप्टन म्हणाली होती.

मी जळगावात हाडांचा डॉक्टर आहे. एमआरआय पाहिला. एसीएल लिगामेंट तुटलं होतं. हा गुडघ्यातला दोरखंड. नडगीचं हाड पुढे सरकू नये म्हणून धरून ठेवतो. नडगीचा माथा मागच्या बाजूला थोडा उतरता असतोच. सोनलचा जास्तच उतरता होता. अशा गुडघ्यानं धावताना अचानक थांबलं की दोरखंडावर जादा ताण येतो. प्रत्येकाचा तुटतोच असं नाही, पण धोका वाढतो.

वडिलांना बाहेर नेऊन हे सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, हाडनी गोष्ट पोरसमोर काढू नका. सोयरीकले पाव्हना येतीन, त्यासले काय सांगू?"

हे व्यंग नाही, नाकाडोळ्यासारखीच हाडाची ठेवण आहे, असं परोपरीनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

पण पेशंट ती होती. शिवाय दुसरा गुडघाही बहुधा त्याच घडणीचा, तो जपायला हवा होता. मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे मना पाय चुकना नही?"

"चुकलाही असेल. पण तेवढ्यानं दुसऱ्या एखाद्या मुलीचा गुडघा कदाचित गेला नसता."

ती खूप रडली. वडिलांनी फाइल उचलली आणि माझ्याकडे पाठ करून तिला बाहेर नेलं. दुपारी केबिनमध्ये डबा उघडला आणि तसाच बंद करून ठेवला. खरं बोलून माणूस इतका एकटा पडतो, याचा मला रागच आला.

ऑपरेशन मात्र त्यांनी माझ्याकडेच करवून घेतलं. व्यायाम सोनलनं चिकाटीनं केले. शेवटच्या तपासणीला ती एसटीनं एकटीच आली. गुडघा उत्तम होता. मी खेळायला परवानगी दिली, तर म्हणाली, टीममध्ये आता जागा नाही. एमआरआयची फिल्म नेऊन तिनं कॅप्टनला दाखवली होती.

"मग काय म्हणाली ती?"

"काहीच नही. फोटो उलटा धरेल व्हता तिनी."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही.

तेव्हापासून खेळाडूला त्याचा गुडघा समजावताना मी कोचला आणि कॅप्टनलाही बोलावतो. अजून कुणी आलेलं नाही.