पलंगाखालचा जॅक

काल पलंगाखाली झाडताना ग्रीसचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, पहिली गाडीही मीच घेतलेली. मागे बहिणीला नोकरीच्या परीक्षेला नेताना शिवडीत टायर पंक्चर झाला, टॅक्सीही मिळेना. डिकीत स्टेपनी होती, पण जॅक-पाना गायब! बाबांना फोन लावला. "अरे, गाडी रस्त्यावर उभी असते, चोरीला गेला असता. पलंगाखाली ठेवलाय, पेपरात गुंडाळून," ते ऐटीत म्हणाले. बाजूला थांबलेला टेम्पोवाला हसला, "साहेब, गाडी घेतली, जॅक काय हप्त्यावर येणार?" त्याच्याच जॅकने चाक बदलून पोहोचलो, तोवर परीक्षा केंद्राचं गेट बंद झालं होतं. बहीण हॉलतिकीट धरून तिथेच रडली. त्याच रात्री मी जॅक परत डिकीत ठेवला होता. आणि काल बघतो तर जॅक पुन्हा पलंगाखाली, नव्या पेपरात गुंडाळलेला!